वाघोटनच्या खाडीतली गोदी

विजयदुर्गाच्या बंदरातून होडीने खाडीत शिरावे. किल्ला हळूहळू पाठीमागे राहतो, समुद्राचा आवाज कमी होतो आणि पाण्याचा रंग निळ्याचा गढूळ हिरवा होतो. तीनेक किलोमीटर आत गेले की दक्षिण किनाऱ्यावर, गिर्ये गावाच्या हद्दीत, कातळात कापलेली एक मोठी चौकोनी जागा दिसते. तिचे तोंड उत्तरेला, खाडीकडे. लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर. ओहोटीला आत नुसता चिखल असतो. भरतीला मात्र पाणी चढत चढत कडेच्या जांभ्याला टेकते आणि मग ही जागा कशासाठी केली असेल ते वेगळे सांगावे लागत नाही. ही मराठ्यांच्या आरमाराची गोदी.

विजयदुर्ग पाहायला दरवर्षी हजारो माणसे येतात. तिहेरी तटबंदी, सत्तावीस बुरूज, सुमारे १७ एकरांचा पसारा, पायथ्याशी आपटणाऱ्या लाटा, हे सगळे पाहून ती परततात. त्यांतली फार थोडी गिर्येपर्यंत जातात. ज्या जागेसाठी तो किल्ला राखला गेला ती जागाच आज लोकांच्या वाटेवर नाही. किल्ल्याची रचना पाहिली तर खाडीच्या तोंडावर बसून आत काय चालले आहे ते कोणाला दिसू न देणे, हे त्याचे मोठे काम होते. समुद्रातून येणाऱ्या गलबताला तट दिसे, बुरूज दिसत, तोफा दिसत. गोदी दिसत नसे, आणि तिच्यात किती गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजे, उभ्या आहेत, किती दुरुस्तीला काढल्या आहेत, किती नव्याने उभ्या राहत आहेत, हेही समजत नसे.

मराठी आरमाराला अशा आडोशाची गरज सुरुवातीपासून होती. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली. जहाजबांधणी जाणणारी माणसे हवी होती म्हणून रुय लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज कारागिराला कामावर ठेवले. त्याच्याबरोबर त्याच्या हाताखालची बरीच माणसे आली. ही जहाजे दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध आहेत, असे बाहेर सांगितले जात होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला त्यातला धोका कळला. जहाजे आज सिद्दीवर जातील, उद्या आपल्यावर येतील, हे ओळखून त्याने व्हिएगशला आणि त्याच्या माणसांना फितवले, आणि ती सगळी मंडळी काम टाकून वसईला निघून गेली. कल्याणची खाडी वसईच्या नजरेच्या टप्प्यात होती, ही त्या जागेची अडचण. पुढे १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आरमाराचा भार दक्षिणेकडे सरकला, आणि परक्यांच्या ठाण्यांपासून दूर असलेल्या खाड्यांचे मोल वाढले.

अशा खाड्यांत वाघोटनची खाडी पहिल्या मानाची. कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा पडतो. भरती असली तरच मोठे गलबत आत जाते, नाहीतर बाहेर नांगर टाकून ताटकळत राहते. विजयदुर्गाच्या मुखाशी असा दांडा नाही. पाणी खोल आहे, आणि दक्षिणेकडून पुढे आलेल्या भूशिरामुळे पावसाळी वाऱ्यापासून आसरा मिळतो. आत खाडी थेट खारेपाटणपर्यंत, म्हणजे चाळीसेक किलोमीटर जाते. तिथून वर सह्याद्री, आणि सह्याद्रीत सागवान. ज्या वाटेने घाटमाथ्याचा व्यापार बंदरात उतरायचा, त्याच वाटेने जहाजाचे लाकूडही उतरू शकत होते. किल्ला, खोल पाणी, आडोसा आणि लाकूड या चार गोष्टी एका जागी मिळणे अवघड असते. इथे त्या होत्या.

किल्ला मूळचा शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळातला मानतात. गावाचे जुने नाव घेरिया, आणि इंग्रजांच्या कागदांत शेवटपर्यंत तेच नाव राहिले. विजयदुर्ग हे नाव शिवकाळातले. पण त्याचा आरमारी दरारा खऱ्या अर्थाने वाढला तो मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या हातात.

त्याच काळात, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभारावरचे आज्ञापत्र लिहिले. त्यातले आरमाराचे प्रकरण वाचताना वाटते, की लिहिणारा माणूस गोदीवर उभा राहून बोलतो आहे. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंगच आहे, असे ते मानतात आणि तिथून थेट लाकडावर येतात. सागासारखी लाकडे सरकारी परवानगीने रानातून आणावीत, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही, असा त्याचा आशय. अगदीच एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मग तोडावे. आरमारासाठी लाकूड लागणार, हे माहीत असलेल्या माणसाने ही अट घातली आहे. त्यातून राज्यकर्त्याचे मन जसे कळते, तशी गोदीची भूकही कळते. एका मोठ्या गलबताला किती झाडे लागतात, हे ठाऊक असल्याशिवाय अशी ताकीद कोणी लिहीत नाही.

त्याच प्रकरणात पावसाळ्याचा विचार आहे. जहाजे उघड्या किनाऱ्यावर ठेवू नयेत. जिथे पाणकोटाचा आसरा आहे, खाडी आहे, लाट लागत नाही, अशा बंदरात छावणी करावी. आणि टोपीकरांबद्दलचा, म्हणजे युरोपियांबद्दलचा, सावधपणाही आहे. त्यांना वखारीसाठी जागा द्यायचीच झाली तर खाडीच्या मुखाशी, समुद्रकिनारी देऊ नये, कारण त्यांचे बळ आरमार आणि दारूगोळा यांत आहे. खाडीचे मुख आपल्या हातात राहिले पाहिजे, हे सूत्र त्या काळच्या मराठी मुत्सद्द्यांना पक्के कळले होते.

गिर्येच्या गोदीत काम कसे चालत असेल, ते पाण्याच्या चालीवरून समजते. या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला पाणी साधारण दोन मीटर चढते-उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सर्वांत वर असताना, दुरुस्तीचे गलबत दोरखंडांनी ओढून आत घ्यायचे. ओहोटी लागली की ते आपल्या तळावर बसते आणि दोन्ही बाजूंचे पाणी निघून जाते. मग काही तास तळ मोकळा. तेवढ्या वेळात शंखशिंपले खरवडायचे, समुद्रकिड्यांनी पोखरलेल्या फळ्या काढून नव्या बसवायच्या, फटींत कापूस ठोकायचा, राळ आणि तेल चोपडायचे. पाणी परत चढायच्या आत हात उरकायचा. खाऱ्या वाऱ्याच्या आणि उष्ण पाण्याच्या या किनाऱ्यावर लाकूड पोखरणारी कीड ही शत्रूच्या तोफेइतकीच घातक असे. ज्या आरमाराला दर हंगामात जहाज कोरडे काढून तळ साफ करता येतो, त्याची जहाजे वेगाने पळतात. ज्याला ते जमत नाही, त्याची जहाजे दोन वर्षांत जड होतात. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १७५० मध्ये सुकी गोदी उभी राहिली, ती आशियातली पहिली मानतात. तिथे दरवाजे लावून पाणी अडवता येई. गिर्येला ते काम चंद्र करत असे.

गोदीचा आकारही बोलका आहे. १०९ मीटर बाय ७० मीटर म्हणजे एका जहाजाची जागा नव्हे. एका वेळी अनेक गुराबा-गलबते आत घेऊन शेजारी शेजारी लावता येतील, पावसाळाभर सांभाळता येतील, असे ते घर आहे. चारशे ते पाचशे टनांपर्यंतची जहाजे इथे बांधली जात. समुद्रावर निघायचा हंगाम नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायचा. त्याआधीचे पावसाळी महिने खाडीवरच्या सुतारांचे, लोहारांचे, शिडे शिवणाऱ्यांचे आणि काथ्याचे दोर वळणाऱ्यांचे. लढाईची गोष्ट सांगताना सरदारांची नावे येतात. पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, सरळ बसला की नाही हे डोळ्यांनी जोखणाऱ्या सुताराचे नाव कुठल्याच बखरीत नाही.

इथे तयार होणाऱ्या गुराबेचे वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने बारकाईने केले आहे. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, काहींना तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीनची तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, पण मध्यापासून नाळेकडे निमुळती होत जाणारी. नाळ पुढे लांब निघालेली, आणि तिच्या मागच्या आडव्या भिंतीत भोके पाडून दोन तोफा पुढे रोखलेल्या, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. त्या नाळेवरून मारा करत. युरोपी जहाजांची ताकद कुशीवरच्या तोफांत, म्हणजे शत्रूला तोंड देताना त्यांना आपली बाजू वळवावी लागे. गुराब शत्रूकडे सरळ तोंड करून येई आणि येताना मारा करत येई.

तिच्या जोडीला गलबत. ते फार तर सत्तर टनांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, वर एक मोठे त्रिकोणी शीड. वारा पडला की युरोपी जहाज जागेवर डोलत राही. गलबते तेव्हाही वल्ही मारत चालत. ती गुराबेला दोर लावून ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत, तिथे आणून उभी करत. मारा डोलकाठ्यांवर आणि शिडांवर. जहाज पांगळे झाले की सगळी गलबते भोवती जमून माणसे तलवारी घेऊन वर चढत. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असा आंग्र्यांचा ताफा साधारणपणे निघे, असे ऑर्म सांगतो. ही सगळी युद्धपद्धती उथळ तळाच्या, वल्ह्यांनी पळणाऱ्या, खाडीत झटकन शिरणाऱ्या जहाजांवर उभी होती. म्हणजे शेवटी ती गोदीवर उभी होती.

इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर पहिली स्वारी केली. क्लेमंट डाउनिंग नावाचा तरुण खलाशी त्या ताफ्यात होता आणि त्याने पुढे पुस्तक लिहिले. तटावर चढायला आणलेल्या शिड्या आखूड पडल्या. १७२० मध्ये वॉल्टर ब्राऊनच्या हाताखाली दुसरी मोहीम आली. तिच्यासाठी मुंबईत ‘फ्रॅम’ नावाचा एक तरंगता तोफखाना मुद्दाम बांधला होता. सपाट तळाचे, जाड भिंतींचे हे धूड किनाऱ्याजवळ नेऊन तट फोडायचा बेत होता. पण त्याच्या तोफांचा मारा भिंतींपर्यंत धड पोचेना, आणि ताफा परतला. १७२४ मध्ये डच सात जहाजे घेऊन आले आणि तेही रिकाम्या हातांनी गेले. तीन मोहिमा, आणि खाडीच्या आतली गोदी एकीच्याही हाती लागली नाही.

या अपयशांनी मुंबईत जी भीती शिरली तिची एक हकिकत इथे सांगितलीच पाहिजे. रामा कामती हे मुंबईचे मोठे सारस्वत व्यापारी. वाळकेश्वराचे देऊळ त्यांनी १७१५ मध्ये पुन्हा बांधून दिले, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या भंडारी शिपायांवर त्यांचा अधिकार होता. आंग्र्यांवरच्या मोहिमा फसू लागल्या तेव्हा गव्हर्नर चार्ल्स बूनच्या सरकारने त्यांच्यावर आरोप ठेवला, की कान्होजींशी यांचा गुप्त पत्रव्यवहार आहे. १७२० मध्ये खटला झाला, मालमत्ता जप्त झाली, ते कैदेत पडले आणि १७२८ मध्ये कैदेतच वारले. ज्या पत्रांवर हा खटला उभा केला होता ती पत्रे बनावट असल्याचे नंतर उघडकीस आले. विजयदुर्गाच्या भिंतीआड काय आहे ते कळत नाही, म्हणून मुंबईच्या भिंतीआड शत्रू शोधायचा, असा हा प्रकार होता, आणि त्यात एक निरपराध माणूस बळी गेला.

विजयदुर्गाच्या गुपितांत लोकांना सर्वांत आवडते ते पाण्याखालच्या भिंतीचे. किल्ल्याजवळ समुद्रात, आठ ते दहा मीटर खोलीवर, जांभ्या दगडाची सुमारे १२२ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भिंत असल्याचे सागरी संशोधनातून पुढे आले आहे. खोल बुडाची परकी जहाजे तिच्यावर आपटून फुटत आणि उथळ तळाच्या मराठी गुराबा तिच्यावरून सहज जात, असे गावात सांगतात. गोष्टीतला तर्क पक्का आहे. युरोपी युद्धनौकेला पाच-सहा मीटर पाणी लागे, गुराबेला त्याहून बरेच कमी. पण या भिंतीने विजयदुर्ग अभेद्य झाला होता असे मानणे इतिहासाला सोडून होईल. १७५६ मध्ये ब्रिटिश आरमाराची मोठमोठी जहाजे किल्ल्यासमोर येऊन उभी राहिलीच. किल्ल्याचे खरे कवच पाण्याबद्दलच्या परक्यांच्या अज्ञानाचे होते. खाडीचे मुख किती खोल, कुठल्या बाजूने शिरावे, तटापासून किती अंतरावर जहाज तरंगू शकते, हे विजयदुर्गाच्या तांडेलांना अंगवळणी पडलेले होते आणि बाहेरच्यांना माहीत नव्हते. या अज्ञानातून विजयदुर्ग जिंकता येत नाही ही कीर्ती तयार झाली. पुढे अनेक वर्षे त्या कीर्तीने गोदी राखली.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. त्यांचे थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि मग मानाजी व संभाजी या भावांत वाटणीचे भांडण पेटले. कुलाबा मानाजीकडे गेला, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्गाची बाजू संभाजीकडे. संभाजीने १७३५ मध्ये कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज मालासकट पकडले. संभाजीमागून त्याचा भाऊ तुळाजी आला. त्याने ‘रेस्टोरेशन’ हे कंपनीचे जहाज घेतले आणि १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांशी लढून त्यांतली दोन जाळली व एक पकडले. समुद्रावर तुळाजीच्या तोडीचा दर्यावर्दी तेव्हा या किनाऱ्यावर नव्हता. जमिनीवर मात्र त्याचे कोणाशीच पटले नाही. पेशव्यांची सत्ता तो मानत नसे, शेजारच्या मराठी मुलखालाही त्याचा उपद्रव होई.

नानासाहेब पेशव्यांनी मग जो निर्णय घेतला त्याबद्दल मराठी माणूस अडीचशे वर्षे वाद घालतो आहे. १९ मार्च १७५५ रोजी त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. तुळाजीविरुद्ध दोघांनी मिळून लढायचे, आणि समुद्रावरची सूत्रे इंग्रजांकडे राहायची. एप्रिलच्या आरंभी कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. त्यानंतर डिसेंबरात त्याला विजयदुर्गाची टेहळणी करायला पाठवले. तो तीन जहाजे घेऊन थेट तोफेच्या टप्प्यात आला, पाणी मोजले, तट नीट न्याहाळला आणि मुंबईला कळवले: ऐकिवात आहे तसा हा किल्ला भयंकर नाही, मोठी जहाजे तटाच्या अगदी जवळ जाऊ शकतील एवढे पाणी इथे आहे. शिसाच्या गोळ्याला बांधलेल्या एका दोरीने इतक्या वर्षांचे गुपित मोजले. किल्ल्याचा एक दगडही तोवर पडला नव्हता.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचा ताफा मुंबईहून निघाला. ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ ही ब्रिटिश राजाची जहाजे, बरोबर कंपनीचे आरमार, आणि फौजेवर रॉबर्ट क्लाइव्ह. निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी आपापसांत ठरवली होती. तीत मराठ्यांचा वाटा नव्हता. जमिनीवरून रामाजी महादेव पेशव्यांची फौज घेऊन आले होते. तुळाजी किल्ला आपल्या माणसांवर सोपवून मराठी छावणीत बोलणी करायला गेला.

१२ तारखेला दुपारी जहाजे दोन रांगांत खाडीच्या मुखात शिरली. एक रांग किल्ल्यावर मारा करू लागली, दुसरी आंग्र्यांच्या गुराबांवर. तुळाजीचा जवळजवळ सगळा ताफा तिथे एकमेकांना लागून उभा होता. एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला, तेच जहाज जे तुळाजीने इंग्रजांकडून घेतले होते. ते पेटले. शेजारच्या गुराबेने पेट घेतला, तिच्या शेजारची पेटली, गलबते पेटली. सागवान, राळ, माशाचे तेल, काथ्या, कापडी शिडे: गोदीने वर्षानुवर्षे ज्या ज्या वस्तूंनी ही जहाजे घडवली होती, त्यांतली एकही आगीला थोपवणारी नव्हती. थोड्या वेळात आंग्र्यांचे आरमार संपले. रात्री क्लाइव्हने फौज उतरवून पेशव्यांची फौज आणि किल्ला यांच्यामध्ये ठाण मांडले. दुसऱ्या दिवशी किल्ल्याने शरणागती पत्करली. आत दोनशेच्या वर तोफा, सहा पितळी उखळी तोफा आणि सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. इंग्रजांनी तो आपसांत वाटून घेतला. किल्लाही लगेच सोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याला तह झाला, बाणकोट इंग्रजांना मिळाले आणि मग विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आला.

पेशव्यांनी मराठ्यांचे आरमार बुडवले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. तुळाजीला आवरणे हा पेशव्यांचा अधिकार होता, आणि त्याने स्वतःसाठी मित्र शिल्लक ठेवले नव्हते. पण आज्ञापत्रातला सल्ला धरला असता तर टोपीकराला खाडीच्या मुखाशी बोलावण्याचे कारण नव्हते. जे परके आरमार एकदा पाणी मोजून गेले, त्याला पुन्हा वाट विचारावी लागत नाही. पेशव्यांचा गुन्हा तुळाजीला पाडण्याचा नव्हे, परक्याला खाडीची खोली दाखवण्याचा होता.

तरीही गोदी मेली नाही, ही या गोष्टीतली फारशी न सांगितली जाणारी बाजू. पेशव्यांनी विजयदुर्गाला आपला आरमारी सुभा केला. १७६४ पासून आनंदराव धुळपांनी तो सांभाळला. जळून गेलेल्या ताफ्याच्या जागी गिर्येला पुन्हा गुराबा उभ्या राहिल्या, गलबते उभी राहिली. ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या ताफ्याने रत्नागिरीच्या समुद्रात कंपनीचे ‘रेंजर’ जहाज गाठले. त्यावर इंग्रजांच्या जनरल मॅथ्यूजच्या फौजेकडे निघालेले मोठे लष्करी अधिकारी होते. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह होऊन गेला होता, तरी लढाई झाली आणि कडवी झाली. मेजर शॉ ठार झाला, कर्नल हंबरस्टनला प्राणघातक जखम झाली. पकडलेले जहाज विजयदुर्गाला आणले गेले. म्हणजे तुळाजीचा ताफा जळाल्यानंतर सत्तावीस वर्षांनी त्याच खाडीतून निघालेल्या जहाजांनी त्याच कंपनीचे जहाज धरून आणले. घर जळाले तरी सुतारांच्या हातातले कसब जळत नाही, त्याचा हा पुरावा आहे.

गिर्येच्या रामेश्वराच्या देवळात जहाजावरची एक परदेशी घंटा टांगलेली आहे. संभाजी आंग्र्यांची समाधीही त्याच परिसरात दाखवतात. देवळाच्या शांततेत घंटा वाजते तेव्हा ती कुठल्या डोलकाठीखाली, कुठल्या खलाशांना पहाऱ्यावर बोलावत असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. किल्ला लढला, पण गोदीचे गाव हेच होते. आरमाराची माणसे राहत होती ती या वाड्यांत, आणि त्यांचा देव तो इथला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि विजयदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात गेला. मुंबईत वाडियांची गोदी असताना कंपनीला गिर्येची गरज नव्हती. ती कोणी पाडली नाही, कोणी वापरलीही नाही. खाडीने आपला गाळ आणून ओतायला सुरुवात केली आणि दोनशे वर्षे ते काम चालू आहे. कातळात कापलेली असल्यामुळे तिचा आकार अजून शाबूत आहे. नुसत्या मातीच्या धक्क्याची असती तर आज जागाही सापडली नसती.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आणि खांदेरीही आहेत. आनंदाची गोष्ट आहे. आता पर्यटक वाढतील, फलक लागतील, किल्ल्यावर वाटाडे मिळतील. हे होत असताना गोदीकडे पाठ फिरू नये. तिच्यातला गाळ जाणकारांच्या देखरेखीखाली निघाला पाहिजे, कडेचा जांभा जपला पाहिजे, आणि किल्ल्याच्या फलकावर गिर्येची वाट लिहिली पाहिजे. आणि विजयदुर्ग पाहायला जाणाऱ्यांनी एवढे करावे: बुरुजावरून उतरल्यावर गावात भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी आणि गोदी दोनदा पाहावी, एकदा सुकतीला आणि एकदा पाणी भरल्यावर.